ज्याचा बाजार, त्याचंच दुकान

संगणकाच्या धंद्यात ‘शेरलॉक होणं’ असा एक वाक्प्रचार आहे. एखाद्या छोट्या माणसाने रात्री जागून एखादं ॲप तयार करावं, ते लोकांच्या पसंतीला उतरावं, दोन पैसे मिळू लागावेत. आणि मग ज्या कंपनीच्या फोनवर ते ॲप चालतं, त्याच कंपनीने आपल्या पुढच्या आवृत्तीत तीच सोय फुकट घालून द्यावी. त्या माणसाचा ‘शेरलॉक’ झाला असं म्हणतात.

हा शब्द कुठून आला तेही सांगतो. ॲपलच्या मॅक संगणकात 1998 पासून ‘शेरलॉक’ नावाची शोधायची सोय होती. 2001 मध्ये डॅन वुड नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने तिला जोड म्हणून ‘वॉटसन’ नावाचं सॉफ्टवेअर काढलं. सिनेमाच्या वेळा, शेअरचे भाव, दूरध्वनी क्रमांक अशा गोष्टी ब्राउझर न उघडता एका खिडकीत दिसायच्या. 2002 मध्ये खुद्द ॲपलनेच वॉटसनला कल्पकतेचं पारितोषिक दिलं, आणि त्याच वर्षी शेरलॉकची तिसरी आवृत्ती आणली. ती पाहून लोकांनी डोळे चोळले, कारण ती जवळजवळ वॉटसनच होती. वुड यांनी सांगितलेली हकीकत अशी की स्टीव्ह जॉब्ज यांनी त्यांना स्वतः फोन केला आणि रेल्वेची उपमा दिली. रुळांवर दुरुस्तीवाले हाताने चालवतात ती छोटी ट्रॉली म्हणजे तुम्ही, आणि ज्यांच्या मालकीचे रूळ आहेत ती आगगाडी म्हणजे आम्ही.

ही उपमा मला फार प्रामाणिक वाटते. आमची ट्रॉली तुमच्यापेक्षा चांगली आहे, असा त्या माणसाचा दावाच नव्हता. रूळ आमचे आहेत, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

पुढच्या वीस वर्षांत अशी उदाहरणं इतकी झाली की मोजणं सोडून द्यावं. रात्री पडद्याचा निळसर उजेड कमी करणारं ‘फ्लक्स’ आयफोनवर यायला धडपडत होतं. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने त्यांना नियमावर बोट ठेवून थांबवलं, आणि 2016 च्या मार्चमध्ये ॲपलची स्वतःची ‘नाइट शिफ्ट’ आली. मुलांच्या मोबाइलवेळेवर लक्ष ठेवणाऱ्या ॲपचंही तसंच. 2018 मध्ये ॲपलने ‘स्क्रीन टाइम’ आणलं, आणि 2019 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की या प्रकारच्या सर्वाधिक चालणाऱ्या 17 ॲपपैकी 11 काढून टाकली गेली किंवा त्यांचे पंख छाटले गेले. कंपनी म्हणाली, ती ॲप वापरणाऱ्यांच्या खासगीपणाला धोकादायक होती. असतीलही. पण धोका दिसला तो आपलं दुकान उघडल्यावर, हा योगायोग मोठा आहे. ॲपलच्याच नियमावलीत एक कलम आहे की दुसऱ्याच्या ॲपची नक्कल करू नका, स्वतःची कल्पना आणा. ते कलम दुकानात गाळा घेणाऱ्यांसाठी आहे. मालकाला ते लागू नाही.

हे सगळं कॅलिफोर्नियातलं झालं. आपल्याकडे काय, असं नाशिकमध्ये बसून कुणी विचारेल, म्हणून घरची दोन उदाहरणं देतो. दोन्ही वेगवेगळ्या दिशेला जातात.

पहिलं मुंबईचं. लोकलने जाणाऱ्या मुंबईकराच्या खिशात बटणाचा फोन होता तेव्हापासून सचिन टेके यांचं ‘एम-इंडिकेटर’ आहे. लोकलचं वेळापत्रक, बसचे मार्ग, रिक्षाचं भाडं, रविवारचा मेगाब्लॉक. रेल्वेने जे करायला हवं होतं ते एका मराठी तरुणाने केलं. तिकडे बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जने ‘व्हेअर इज माय ट्रेन’ काढलं. ते इंटरनेट नसतानाही मोबाइलच्या टॉवरवरून गाडी कुठे पोचली ते सांगायचं. गोदावरी किंवा पंचवटीची वाट पाहत नाशिकरोडच्या फलाटावर उभं राहिलेल्या माणसाला याचं मोल सांगायला नको. 2018 च्या डिसेंबरमध्ये गुगलने ही कंपनीच विकत घेतली. म्हणजे इथे कल्पनेचे पैसे मोजले गेले, आणि ते मला रास्त वाटतं. पण 2023 च्या डिसेंबरमध्ये गुगलने जाहीर केलं की त्या ॲपमध्ये आता मुंबई आणि कोलकात्याच्या लोकलही येणार. आता एम-इंडिकेटरची स्पर्धा कुणाशी आहे? ज्या अँड्रॉइड फोनवर ते चालतं, ज्या प्ले स्टोअरमधून ते उतरवलं जातं, ज्या शोधयंत्रात त्याचं नाव शोधलं जातं, त्या सगळ्याच्या मालकाशी. गुगलने इथे चोरी केली असं मी म्हणत नाही. मुंबईकर एम-इंडिकेटर अजून वापरतात. पण शर्यतीत पंच स्वतः पळू लागला तर तो जिंको वा हरो, शर्यतीचा अर्थ बदलतो.

दुसरं उदाहरण या ब्लॉगच्या पोटातलं आहे. आम्ही मराठी लिहिणारे इंटरनेटवर आलो ते कुणाच्या बळावर? शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांचं ‘बरहा’, ॐकार जोशी यांचं ‘गमभन’, आणि ‘क्विलपॅड’, ज्यात रोमन अक्षरांत लिहिलं की देवनागरी उमटायचं. ही तेव्हाची वाहनं. क्विलपॅड 2006 मधलं. त्यानंतर थोड्याच काळात गुगलने आपलं लिप्यंतर आणलं आणि ते सगळीकडे पसरलं. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी 2013 मध्ये ‘स्वरचक्र’ नावाचा सुंदर की-बोर्ड केला होता. आज बहुतेकांच्या फोनवर गुगलचाच की-बोर्ड दिसतो.

इथे माझं मन जरा थांबतं. कारण भाषा टाइप करता येणं ही गोष्ट फोनमध्ये मुळातच असायला हवी. कुणा गरीब शिक्षकाने त्यासाठी वेगळं ॲप का शोधावं? आमच्या घरात मराठीबरोबर उर्दूही लिहिली जाते. नस्तालिक अक्षरं फोनमध्ये आपोआप दिसू लागली तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना ईदसारखा आनंद झाला होता, आणि त्या आनंदात कुणाचा धंदा बुडाला का हे विचारायला कुणी गेलं नाही. तेव्हा ‘मोठ्याने छोट्याचं घेतलं’ म्हटलं की लगेच तो गुन्हा, असं मला वाटत नाही. मात्र याच गोष्टीचा दुसरा भागही आहे. विंडोज संगणकावर मराठी लिहिण्यासाठी गुगलने जे इनपुट टूल्स दिलं होतं ते पुढे कंपनीने बंद केलं. तोवर पर्याय विरळ झाले होते. कितीतरी छापखानेवाले आणि सायबरवाले जुन्या सेटअपची फाइल पेन ड्राइव्हवर जपून एकमेकांना देत होते. फुकट मिळालेली गोष्ट देणाऱ्याच्या मर्जीवर चालते.

मग चूक नेमकी कशात आहे?

नक्कल करण्यात नाही. शालिमारच्या शिंप्याने मुंबईहून आलेल्या शर्टाची कॉलर पाहून तशीच कॉलर कापली तर त्याला चोर कोण म्हणतं? कल्पना कुणाची जहागीर नसते, हे कायदाही मानतो. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आर. जी. आनंद यांचा खटला आला होता. आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा उचलला, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. विषय आणि कल्पना सर्वांच्या, मांडणी ज्याची त्याची, असा त्याचा मथितार्थ. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3(क) प्रमाणे नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंटही मिळत नाही. इस्लामी कायद्याच्या बाजूने पाहिलं तर जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 1988 च्या कुवेत अधिवेशनात व्यापारी नाव, लेखनाचे आणि शोधाचे हक्क ही खरी मालमत्ता आहे आणि तिच्यावर हात टाकणं नाजायज आहे, असा ठराव केला. तोही ठरलेल्या हक्कांविषयी आहे, मनात आलेल्या प्रत्येक युक्तीविषयी नाही. ते बरंच आहे. नाहीतर पहिली मिसळ करणाऱ्याच्या वारसांना आपण आजही पैसे देत बसलो असतो.

फरक कुठे पडतो ते ॲमेझॉनच्या प्रकरणात स्वच्छ दिसतं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये रॉयटर्सने ॲमेझॉनच्या भारतातल्या अंतर्गत कागदपत्रांवर आधारित बातमी दिली. आपल्या संकेतस्थळावर इतरांचा कोणता माल खपतो याची माहिती वापरून तसाच माल आपल्या नावाने काढायचा, आणि शोधात तो वर दिसेल अशी व्यवस्था करायची, असं त्या कागदांत असल्याचं रॉयटर्सने म्हटलं. त्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. मुंबईच्या किशोर बियाणींच्या समूहाचा ‘जॉन मिलर’ नावाचा शर्ट होता. त्याच्या मानेचा घेर आणि बाहीची लांबी, अगदी तीच मापं घ्यायची, असं ठरलं होतं म्हणे. ॲमेझॉनने हे आरोप निराधार असल्याचं सांगितलं, तेही नोंदवायला हवं.

आमच्या शिंप्याने कॉलर डोळ्यांनी पाहिली. ॲमेझॉनसारख्याला डोळ्यांची गरजच नाही. कुठला शर्ट किती खपला, कोणत्या गावात, कोणत्या भावाला लोक थबकले, किती परत आले, कोणत्या मापात परत आले, हे सगळं त्याच्या वहीत असतं. ती वही विक्रेत्यानेच आपल्या घामाने भरलेली असते. ॲपच्या दुकानाचंही तेच आहे. किती जणांनी उतरवलं, किती दिवसांनी काढून टाकलं, कशासाठी पैसे दिले, ते दुकानाच्या मालकाला बसल्या जागी कळतं. आणि वर मालक हिस्साही घेतो. बराच काळ सर्रास तीस टक्के, 2021 पासून छोट्यांसाठी पंधरा. मराठ्यांची चौथाई एक चतुर्थांश होती, यांची त्याहून जास्त. (दहा टक्के सरदेशमुखी धरली तर मात्र आपले पूर्वजच पुढे.)

आता लासलगावला चला. 1947 पासूनची ती बाजार समिती, कांद्याचा देशातला मोठा बाजार. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतो, लिलाव पुकारला जातो, व्यापारी बोली लावतात, वजन होतं, हिशेबपट्टी हातात पडते. त्या बाजाराविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारींची यादी मला ठाऊक आहे. व्यापाऱ्यांची टोळी, वजनातली मारामारी, लिलाव बंद पाडणं. तरीही एक गोष्ट तिथे होत नाही. बाजार समिती स्वतः बोली लावत नाही. उद्या समितीच्या सचिवाने सांगितलं की आजपासून समितीही कांदा विकणार, तिची ट्रॉली सगळ्यात पुढे उभी राहणार, आणि बाकीच्यांच्या पट्ट्या पाहून ती आपला भाव ठरवणार, तर निफाड-चांदवडचा शेतकरी दुसऱ्या दिवशी मुंबई-आग्रा महामार्ग अडवेल. त्याला डिजिटल स्पर्धा कायदा वाचायची गरज पडणार नाही. ॲपच्या बाजारात मात्र हेच रोज घडतं आणि आपण त्याला ‘नवं फीचर’ म्हणतो.

ही गोष्ट नवी नाही. ट्युनिसमध्ये 1332 मध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने 1377 मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिला. त्यात एक अख्खं प्रकरण याच विषयावर आहे: राजाने व्यापार केला तर रयतेचं नुकसान होतं आणि महसूलही बुडतो. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. रयतेतले व्यापारी साधारण एकाच ताकदीचे असतात, म्हणून त्यांची चढाओढ चालते आणि सगळ्यांचं भागतं. राजाकडे खजिना असतो आणि हुकूमही असतो. तो उतरला की त्याला स्वस्त मिळतं, महाग विकता येतं, आणि त्याच्यासमोर बोली लावायला कुणी धजत नाही. व्यापाऱ्याचं भांडवल झिजतं, मग उमेद खचते, मग तो दुकान बंद करून घरी बसतो. आणि राजाला वाटत असतं आपण नफा कमावला! प्रत्यक्षात त्याचा जकातीचा मोठा झरा आटलेला असतो. सहाशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला ॲप स्टोअर दाखवलं असतं तर त्याला नवं काही समजावून सांगावं लागलं नसतं. हातट्रॉलीची ती उपमा त्याने ताबडतोब ओळखली असती.

आपल्या परंपरेत बाजाराचा विचार फार जुना आहे. पैगंबरांनी (स.) मदिनेत मुस्लिमांसाठी वेगळा बाजार वसवला आणि तिथे कर लावला नाही, असं इतिहासकार सांगतात. हजरत उमर (रजि.) यांच्या काळची रीत अशी सांगतात की बाजारात जो आधी येईल ती जागा त्या दिवसापुरती त्याची. मक्तेदारी नाही, वतनी गाळा नाही. भावाचा सौदा चालू असताना मध्ये घुसून सौदा करू नका, ही ताकीद हदीसच्या प्रमुख संग्रहांत आहे. हजरत शुऐब (अलै.) यांच्या मदयनच्या कौमला कुरआनने जो इशारा दिला त्यात मापात मारण्याबरोबर लोकांच्या वस्तू कमी लेखून घेण्याचाही उल्लेख आहे. आमच्या मशिदीतल्या जुम्याच्या बयानात हे सगळं ऐकायला मिळतं, पण तराजूपलीकडे ते सहसा जात नाही. आजचा तराजू म्हणजे शोधाच्या निकालांची यादी. तिच्यात काटा कुठे मारला जातो ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही.

आता स्वतःच्या घरातलंही बोललं पाहिजे, नाहीतर ‘छोटे सगळे फरिश्ते, मोठे सगळे सैतान’ असं व्हायचं. नमाजच्या वेळा आणि किबल्याची दिशा दाखवणारी ॲप मुस्लिम तरुणांनी जगभर केली, आपल्याकडेही केली. प्रोग्रामिंग शिकलेल्या आपल्या पोराचं पहिलं ॲप बहुधा हेच असतं. 2017 च्या रमजानमध्ये गुगलने ‘किबला फाइंडर’ आणलं. फुकट, ॲप उतरवायचीही गरज नाही. इथेही रूळवाल्याने ट्रॉली उलथवली असं म्हणता येईल. पण 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ‘व्हाइस’च्या मदरबोर्डने उघड केलं की कोट्यवधी मुस्लिमांच्या फोनमध्ये असलेल्या ‘मुस्लिम प्रो’ या ॲपमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होती, आणि तिच्याकडून ती अमेरिकी लष्करापर्यंत पोचण्याची वाट होती. बातमी फुटल्यावर ‘मुस्लिम प्रो’ने ते संबंध तोडल्याचं जाहीर केलं. म्हणजे किबला विचारायला गेलेल्या माणसाचा पत्ता विकला गेला, आणि तो विकणारा मोठा रूळवाला नव्हता. गुगल आपलं ठिकाण साठवत नाही असं नाही, पण छोटं म्हणजे स्वच्छ हा समज तरी त्या दिवशी संपला.

जुन्या नाशकातला एक ओळखीचा मुलगा असंच ॲप करतो. त्याने मला विचारलं, चाचा, हे सगळं गुगलवर मिळतंच, मग मी कशाला मरू? मी त्याला म्हटलं, गुगलला सूर्य कधी मावळतो ते कळतं. आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीत असरची जमात किती वाजता उभी राहते ते कळत नाही. तो हसला, आणि म्हणाला की तेही मी भरलं की त्यांना कळेलच. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणूनच कायद्याकडे यावं लागतं.

युरोपने ते केलं. त्यांचा डिजिटल बाजार कायदा 2024 च्या मार्चपासून बड्या कंपन्यांना बंधनकारक झाला. त्यात साफ म्हटलं आहे की तुमच्या मंचावर धंदा करणाऱ्यांची जी माहिती जगाला उघड नाही, ती वापरून त्यांच्याशीच स्पर्धा करायची नाही. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये गुगलला दोन दंड ठोठावले. अँड्रॉइडच्या प्रकरणात 1337.76 कोटी, प्ले स्टोअरच्या प्रकरणात 936.44 कोटी. दुसरा दंड अपील न्यायाधिकरणाने 2025 मध्ये 216.69 कोटींवर आणला. आकडे मोठे वाटतात, पण निकाल लागेपर्यंत छोट्याचं दुकान उठलेलं असतं. दंड हा नंतरचा इलाज आहे. 2024 च्या मार्चमध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, त्यात आधीच बंधन घालायची कल्पना होती आणि विक्रेत्यांची माहिती वापरण्यावर बंदीही होती. तो अजून कायदा झालेला नाही.

मसुद्याला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा असा की यात परदेशी कंपन्यांबरोबर आपल्या देशी कंपन्याही अडकतील. अडकू द्या. 2025 च्या सुरुवातीला झोमॅटोच्या समूहाने ‘बिस्ट्रो’ आणि स्विगीने ‘स्नॅक’ अशी दहा मिनिटांत खाणं पोचवणारी स्वतःची सोय सुरू केली तेव्हा हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने हरकत घेतली होती. आमच्या कल्पना नव्हे, आमचे ग्राहक आणि आमची माहिती वापरून आमच्यासमोर चूल मांडताय, हा त्यांचा रोख होता. द्वारका सर्कलजवळचा बिर्याणीवाला असो की सिडकोतला मिसळवाला, त्याच्या कुठल्या पदार्थाला रात्री किती वाजता मागणी येते हे त्याच्याआधी त्या कंपनीला कळतं. मालक देशी असल्याने ती वही कमी धारदार होत नाही.

आणि यात आपलं सरकार नवखं आहे असंही नाही. ॲमेझॉनसारख्या परकीय भांडवलाच्या बाजारपेठेत तिचा स्वतःचा हिस्सा असलेल्या कंपनीने माल विकू नये, हा नियम डिसेंबर 2018 मध्ये निघाला आणि 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झाला. म्हणजे बाजाराचा मालक आणि दुकानदार वेगळे हवेत, हे तत्त्व शर्ट, साबण आणि मोबाइलच्या बाबतीत दिल्लीने केव्हाच मान्य केलं आहे. ते ॲपला का लागू नाही, हे आपल्या खासदारांना विचारायला हरकत नाही. नाशिकच्या खासदारांकडे कांद्याची शिष्टमंडळं वर्षातून चार वेळा जातात. आयटी शिकून अंबड-सातपूरच्या छोट्या कचेऱ्यांत आणि घरच्या माळ्यावर बसून ॲप करणाऱ्या पोरांचं एकही शिष्टमंडळ गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.